भिशी, भाऊ आणि ग्राफिक्स कार्ड

‘गेम’ हा शब्द आमच्या समाजातल्या मध्यमवर्गीय घरांत फारसा आदराने उच्चारला जात नाही. कॅरम चालतो, क्रिकेट तर चालतेच. पण संगणकावर खेळणारा मुलगा म्हणजे हातचा गेलेला मुलगा, असा एक पक्का समज आहे. पालकसभेत ही तक्रार मी असंख्य वेळा ऐकली आहे. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळी सुट्टीत माझी भिशी लागली आणि ती रक्कम मी धाकट्या भावाच्या गेमिंग कॉम्प्युटरसाठी द्यायची ठरवली, तेव्हा घरात काय झाले असेल याची कल्पना वाचकांना सहज करता येईल.

भिशी आम्हा शिक्षिकांची. बाराजणी, महिन्याला ५,००० रुपये, म्हणजे ६०,०००. अम्मी म्हणाली, “तेरे कान के झुमके हो जाते थे उत्ते में. शादी के काम आते थे.” सोन्याचा भाव पाहता झुमकेही हलकेच आले असते, पण तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. माझ्या लग्नाची काळजी तिला झोपू देत नाही. मला मात्र वेगळी काळजी झोपू देत नव्हती.

अब्बा २०२१ मध्ये गेले. सोलापुरात यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस. त्यांच्यामागे धाकटा हळूहळू बोलायचाच बंद झाला. कॉलेजात नाव होते, पण जाणे नव्हते. रात्री गेमिंग झोनमध्ये तासाच्या दराने बसायचा आणि पहाटे चपला हातात घेऊन घरात यायचा. ओरडून झाले, समजावून झाले, मामूंना बोलावून झाले. आम्ही बोलत होतो आणि तो ऐकत नव्हता, एवढेच काय ते नाते उरले होते.

बी.एड.ला आम्ही किलपॅट्रिकची प्रकल्प पद्धती पाठ केली होती. त्याचा तो गाजलेला निबंध १९१८ सालचा. मुलाच्या मनात आधीच असलेला हेतू धरून शिक्षण सुरू करावे, हा त्याचा गाभा. वर्गात ६० मुली असताना हे कागदावरच राहते. घरात मात्र एकच विद्यार्थी होता आणि त्याचा हेतू सर्वांना माहीत होता. मी त्याला दोनशे पानी वही दिली आणि अट घातली: पैसे माझे, निवड तुझी, पण प्रत्येक भागापुढे कारण लिहायचे. ‘मस्त आहे’ हे कारण चालणार नाही.

आठ दिवस वही कोरी होती. नवव्या दिवशी पहिले पान भरले.

सुरुवात एका मोहातून सुटण्याने झाली. जवळच्याच एका दुकानात २८,००० रुपयांत ‘आय-सेव्हन गेमिंग पीसी’ मिळत होता. काचेचा डबा, आत रंगीबेरंगी दिवे. धाकट्याने नुसते ‘आय-सेव्हन’ न पाहता पुढचा आकडा विचारला. तो ३७७० निघाला, म्हणजे २०१२ सालची तिसरी पिढी. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी लागते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झाले होते. वहीत त्याने उर्दूत लिहिले, ‘नाम बडा, उम्र ज्यादा.’ त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, हा मुलगा कुठे गेलेला नाही.

मग भागांची चर्चा सुरू झाली. मी उर्दूत शिकवते, मराठीत लिहिते, घरात दखनी बोलते. संगणकाची भाषा मात्र यांपैकी कोणतीच नाही. त्यामुळे त्याला प्रत्येक गोष्ट मला समजेल अशी सांगावी लागे. शिकवणाऱ्यालाच जास्त समजते, हे आम्हा शिक्षकांचे गुपित त्याला तिथे कळले असावे.

पहिला प्रश्न प्रोसेसरचा. रायझन ५ ५६००जी घेतला तर त्याच्यातच ग्राफिक्स असते. कार्ड नंतर पैसे जमतील तेव्हा घेता येते. साधा ५६०० घेतला तर कार्ड लगेच घ्यावेच लागते, कारण त्यात ग्राफिक्स अजिबात नाही. दोन्हींत ६ कोअर आहेत, पण ५६०० ची कॅश मेमरी दुप्पट, ३२ एमबी. तीन दिवस वाद चालला. ज्याच्याकडे ३०,०००-३५,००० रुपयेच आहेत त्याने ‘जी’ घ्यावा. आपल्याकडे कार्डाचे पैसे आहेत, तर साधा घ्यावा, असा निकाल झाला. त्याच्या डब्यात पंखाही येतो, म्हणजे वेगळा कूलर नको. शिवाय एएम४ सॉकेट. पुढे पैसे आले तर मदरबोर्ड न बदलता याहून वेगवान प्रोसेसर बसवता येतो.

गेमिंगच्या संगणकात सर्वांत जास्त पैसा ग्राफिक्स कार्डावर जातो आणि जायलाही हवा. चित्र तेच काढते. २०२१ मध्ये कार्डांची टंचाई इतकी होती की किमती कितीतरी वाढल्या होत्या. एक कारण कोविड, दुसरे आभासी चलनाचे मायनिंग. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने आपली पद्धत बदलली, कार्डांवरचे ते मायनिंग थांबले आणि वापरलेली कार्डे बाजारात आली. धाकट्याला असे एक स्वस्तात दिसलेही. त्याने वहीत दोन रकाने आखले. एकीकडे वाचणारे पैसे, दुसरीकडे तीन वर्षांची वॉरंटी. मग शेवटी लिहिले, ‘आपा के पैसे दुबारा नहीं आएँगे.’ नवे आरएक्स ६६०० ठरले. ८ जीबी मेमरी, आणि वीज १३२ वॅट.

हा वॅटचा आकडा पुढे उपयोगी पडला. प्रोसेसर ६५, कार्ड १३२. बाकी सारे धरून बेरीज ३०० च्या आत राहते. म्हणून चांगल्या बनावटीचा, ८० प्लस ब्रॉन्झचा ५५० वॅटचा पॉवर सप्लाय पुरेसा. स्वस्त डब्यासोबत येणारा निनावी सप्लाय मात्र घ्यायचा नाही. तो गेला तर सोबत बाकीच्यांनाही घेऊन जाऊ शकतो. रॅम १६ जीबी, पण एकच पट्टी न घेता ८-८ च्या दोन, म्हणजे दोन्ही वाटांनी माहितीची ये-जा होते. मॉनिटर १०० हर्ट्झचा, कारण ६० हर्ट्झचा पडदा सेकंदाला ६० चित्रेच दाखवतो. कार्डाने त्याहून जास्त काढली तरी ती वाया जातात.

खरेदीला मुंबईला गेलो. रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस, मग ग्रँट रोड. लॅमिंग्टन रोडचे नाव आता डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, पण संगणकवाले अजून जुन्याच नावाने ओळखतात. दुकानदार सगळे धाकट्याकडे पाहून बोलत होते. मी वही उघडून पॉवर सप्लायचा मॉडेल नंबर विचारला, तेव्हा एकाने खुर्ची पुढे केली. शेवटी हिशोब असा बसला: प्रोसेसर ११,५००, मदरबोर्ड ८,०००, रॅम ३,२००, ५०० जीबी एसएसडी ३,०००, कार्ड २०,५००, पॉवर सप्लाय ३,६००, कॅबिनेट २,४००, मॉनिटर ७,०००, कीबोर्ड-माउस ८००. बरोबर ६०,०००, पक्क्या बिलासह. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्यायला त्याने मला सांगितले, मी त्याला नाही.

जोडणी घरीच, तख्तावर चादर काढून. शेजारची चार मुले, दोन खाला, आणि दारात उभी अम्मी. बटण दाबले, पंखे फिरले, पडदा काळाच. कुणीतरी म्हणाले, “गए साठ हजार.” धाकट्याचा चेहरा उतरला. तो उठून बाहेर जाईल असे मला वाटले. गेली तीन वर्षे तो असाच उठून जात होता. पण त्याने वही मागितली. प्रोसेसरचे पान काढले, ‘इसमें ग्राफिक्स नहीं’ हे आपलेच वाक्य वाचले, आणि मॉनिटरची केबल मदरबोर्डातून काढून कार्डात लावली. पडदा उजळला. अम्मी म्हणाली, “माशाअल्लाह,” आणि लगेच, “बिजली कित्ती खाता ये?” त्याने तिला वॅटचा हिशोब सांगितला. मायलेक इतका वेळ बोलत असल्याचे मी कित्येक महिन्यांनी पाहत होते.

यातून चमत्कार झाला असे मी सांगणार नाही. तो अजूनही गेम खेळतो, कधी कधी फजरपर्यंत. एक विषय अजून राहिला आहे. पण खेळतो तो घरात, दार उघडे ठेवून, आणि जेवायला बोलावले की येतो. २०२५ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांच्या मागणीमुळे रॅमच्या किमती एकदम चढल्या. तेव्हा मोहल्ल्यातल्या दोन मुलांना ‘पहले प्रोसेसर-बोर्ड देखो, पुरानी रॅम चलती क्या पूछो’ असे तो समजावत होता. त्यांना त्याने वहीही आणायला लावली होती.

आमच्या घरांत मुलांना पैसे देतात किंवा नाकारतात. हिशोब मात्र क्वचितच सोपवतात. ६०,००० रुपये ही माझ्यासारख्या शिक्षिकेसाठी लहान रक्कम नाही, आणि झुमके अजून व्हायचे आहेत. पुढची भिशी चालू आहे. या वेळी सोन्याचे भाव रोज बघून वहीत लिहून ठेवण्याचे काम धाकट्याने स्वतःहून घेतले आहे.