गोपाळांची शिदोरी



नारदांच्या गादीवरून उतरून मला चार वर्षे झाली. गळा साथ देईना, मग हट्ट कशाला? पण काल्याचे कीर्तन अजून स्वप्नात येते. कोणाची शिळी भाकरी, कोणाच्या कण्या, कोणाचे लोणचे. ज्याच्या घरी जे असेल ते गोपाळ घेऊन येतात, देव ते कालवतो आणि मागून त्यांच्या हातचे उष्टे खातो. हा प्रसंग मी पन्नास वर्षे रंगवला. अर्थ मात्र उतारवयात, शाळेच्या ओट्यावर बसलो तेव्हा थोडा उमगला.

आमचे गाव भंडारदऱ्याच्या पाण्याकडेला. १९२६ साली धरण पूर्ण झाले, खालच्या मुलखात ऊस उभा राहिला. हीच प्रवरा पुढे नेवाशाला जाते, जिच्या काठी माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. आमच्या वरच्या अंगाला मात्र डोंगरउतारावरची नागली, वरई, हुलगा, खुरासणी आणि खाचरातला काळभात, एवढीच दौलत.

दुपारी शाळेत खिचडी शिजते. एक दिवस चौथीतला एक मुलगा भिंतीकडे तोंड करून काहीतरी खात होता. जवळ गेलो, तर नागलीची भाकरी. म्हणाला, "बाबा, कोणाला सांगू नका. पोरं काळी भाकरी म्हणून हसतात."

माउली, माझ्या काळजात कळ आली. कारण ते हसणे मीच पेरले होते. तीस एक वर्षांपूर्वी इथल्याच एका सप्ताहात एक म्हातारी पंगतीसाठी नागलीच्या भाकरींची पाटी घेऊन आली. मी पंचांना म्हणालो, "बाहेरगावचे टाळकरी आलेत, त्यांना हे वाढायचे?" म्हातारी एक शब्द बोलली नाही. पाटी डोक्यावर घेऊन परत गेली. त्याच रात्री मी गादीवर उभा राहून पेंद्याच्या शिदोरीचे निरूपण केले आणि लोकांनी डोळे पुसले.

शाळेचे अन्न वाईट आहे असे मी म्हणत नाही, गैरसमज नको. १९९५ साली योजना आली तेव्हा महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळे. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले अन्न द्या म्हणून सांगितले, मग शाळेत चूल पेटली. त्या चुलीने कितीतरी लेकरांची दुपार सांभाळली. आईबाप भाजीच्या मळ्यांत मजुरीला नारायणगावाकडे गेलेले असतात, तेव्हा तोच एक गरम घास. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ-कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी असा हिशेब आहे. तांदूळ सरकारी गोदामातून येतो, तो येऊ द्या. पण चाळीस मुलांची भाजी म्हणजे रोज दोन किलो. पावसाळा आणि हिवाळा दोन-तीन घरची परसे ती सहज देतील. कडधान्य तर आमच्या कणगीत असतेच.

मग अडते कुठे? एका बाईने एका शाळेत घेवडा नेऊन दिला, तर तिच्याकडे शिक्क्याचे बिल मागितले. ती म्हणाली, "वेलाला शिक्का कुठं मारू?" हसू येते, पण गाडे तिथेच रुतते. ब्राझील देशाने २००९ साली कायदाच केला की शाळेच्या जेवणासाठी मिळणाऱ्या केंद्राच्या पैशातला निदान तीस टक्के वाटा छोट्या शेतकरी कुटुंबांच्या मालावर खर्च व्हावा. आपल्याकडे परसबागेचा आग्रह आहे, नाचणीसत्त्वही जेवणात आले. पण ते सत्त्व पाकिटातून यावे आणि शेजारच्या शिवारातली नागली व्यापाऱ्याने पाडून मागावी, हे मला पटत नाही.

आमच्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी न चढता गावरान बियाणे जपत राहिल्या आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या बियाण्याला मान मिळाला; त्याचे अन्न ताटात वाढायला आपण का लाजतो?

माउली, तुम्ही गावोगाव अन्नदान करता. शाळेतही तिथीभोजनाची सोय आहे. सण, वाढदिवस, पुण्यतिथी, गावकऱ्यांनी मुलांना जेवण द्यावे. पंगतीला बाजारची बुंदी आणता, त्यातली एक पंगत शाळेला द्या, आणि धान्य गावच्याच शेतातले, रोख पैसे मोजून घ्या. फुकट मागू नका.

मागच्या कार्तिक वद्यात आळंदीहून परतलो. नवी नागली घरात आली होती. आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून दोन पायल्या विकत घेतल्या, हुलगा घेतला आणि मुख्याध्यापकांना विचारून शाळेत नेला. तिथली स्वयंपाकीण त्या म्हातारीची सून. म्हातारी वारली आता. मुले ओळीत बसली, भिंतीकडे तोंड करणारा तो मुलगाही बसला. त्याने आमटीत भाकरी कुस्करली आणि दुसरी मागितली.

मी सुनेपुढे हात जोडले. म्हणालो, "तुझ्या सासूची एक पाटी मी परत पाठवली होती."

तिने तव्यावरची भाकरी उलटली. "आत्याबाई सांगायच्या," एवढेच म्हणाली. मग एक भाकरी माझ्या हातावर ठेवली. "बसा महाराज, गरम आहे तोवर खा."