निरोपाचं गाणं बसवताना

युवा महोत्सव जवळ आला की माझ्या वर्गात एकाच जातीची गाणी यायला लागतात. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेत कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे. मी सुगम संगीत शिकवते ती मुलं सांगली-मिरजेची आणि साताऱ्याची. सगळ्यांना ब्रेकअपचं गाणं म्हणायचं असतं. सोडून गेलेला तो, विसरायची ठरवलेली ती, ‘आता मी माझ्या वाटेनं निघाले’ असं ठणकावणारी एखादी चाल. गाण्याबरोबर माहितीही गोळा करून आलेली असतात. गायिकेचं कुणाशी बिनसलं, कडव्यात ज्याच्यावर रोख आहे तो कोण, हे सगळं पाठ. ते नाव सापडलं की गाण्याचा अर्थ सापडला, असं त्यांना मनापासून वाटतं.

मला तसं वाटत नाही. ते का, हे समजावताना मी त्यांना मिरजेतलीच गोष्ट सांगते.

किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेला राहिले. 1937 साली पाँडिचेरीच्या वाटेवर असताना त्यांचा अंत झाला आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन केलं. तिथं त्यांच्या स्मृतीसाठी आजही गवई हजेरी लावतात. त्यांची झिंझोटीतली ‘पिया बिन’ ही ठुमरी तबकडीवर निघाली आणि घराघरांत, हॉटेलांत, दुकानांत वाजली. त्या काळचं ते लोकप्रिय गाणंच होतं. गदगकडचा एक शाळकरी मुलगा ती तबकडी ऐकून इतका बेचैन झाला की गाणं शिकण्यासाठी 1933 साली घर सोडून निघाला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढं ‘देवदास’ चित्रपटात सैगलही तीच ठुमरी गायले.

आता खाँसाहेबांच्या घरची गोष्ट. ताराबाई माने या त्यांच्या पत्नी. दोघांची ओळख बडोद्याच्या दरबारातली. पाच मुलं झाली आणि 1922 मध्ये ताराबाई मुलांना घेऊन घराबाहेर पडल्या. मुलांची नावं बदलली, आडनाव माने झालं. त्यातले थोरले सुरेशबाबू माने, एक हिराबाई बडोदेकर, एक सरस्वतीबाई राणे. त्या ताटातुटीनंतर खाँसाहेबांचं गाणं अंतर्मुख झालं, असं संगीतावर लिहिणारे लिहून गेले आहेत. असेलही. मोठ्या घरातून एकदम सहा माणसं उठून गेली, तर आवाजात त्याचा पडसाद उमटणारच. पण ‘पिया बिन’चा अर्थ ‘ताराबाई’ असा लावला की माझा जीव कासावीस होतो. विरहाची ठुमरी खाँसाहेबांच्या आधी कितीतरी जणांनी गायली. ज्यांना कुणी सोडून गेलं नव्हतं असेही ती गायले आणि ऐकणाऱ्यांचे डोळे भरले. गदगच्या त्या मुलाला ताराबाई कुठं माहीत होत्या?

मग त्याला काय ऐकू आलं? इथून पुढं माझा धडा सुरू होतो. मी मुलांना ती तबकडी ऐकवते. जेमतेम तीन मिनिटांचं गाणं, शब्द मूठभर. झिंझोटीत मंद्र धैवतावरून षड्जाकडे, रिषभावरून मध्यमाला शिवून गंधारावर यायचं, ही चाल हार्मोनियमवर कुणालाही वाजवता येईल. ऐकण्यासारखं आहे ते खाँसाहेब त्या गंधारावरून उठतात कसे, ते. उसासा नाही, गळा दाटून आणणं नाही. स्वर स्वच्छ लागतो, थोडा वेळ राहतो आणि न तुटता निघून जातो. गाणारा दुःख दाखवत नाही. ज्याच्या त्याच्या दुःखाला तो जागा करून देतो. नवशिक्या गळ्याला स्वर लावता येतो, पुष्कळांना तो धरताही येतो. तो हलकेच संपवणं मात्र वर्षानुवर्षं येत नाही. म्हणून मी ब्रेकअपच्या गाण्याआधी तंबोरा हातात देते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तयार झालेला, भोपळ्याचा, खरा तंबोरा. मोबाइलमधला नाही. ‘एक षड्ज लाव आणि तंबोऱ्यात विरून जाऊ दे,’ एवढंच सांगते. मुलं कंटाळतात. कंटाळू देत.

साताऱ्याकडच्या मुलांना मी आणखी एक दाखला देते, तो वाईचा. यमुनाबाई वाईकर बैठकीच्या लावणीसाठी ओळखल्या जायच्या. 2012 साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये, शंभरी ओलांडून, त्या गेल्या. बैठकीच्या लावणीत गायिका बसून अदा करते. एकच ओळ पुनःपुन्हा घ्यायची आणि दरवेळी तिच्यातून वेगळं काही काढायचं. एकदा रुसवा, एकदा टोमणा, एकदा विनवणी, एकदा नुसतीच मान वळवणं. तिथं शब्द तोच राहतो आणि अर्थ हलत असतो. स्पर्धेत एका गाण्याला एकच भाव चिकटवून येणाऱ्या मुलांना हे पाहायला मिळालं पाहिजे. रेकॉर्डिंग मिळतात, ती बघा म्हणून मी मागं लागते.

मात्र ठुमरी आणि लावणी यांच्यात आणि मुलांच्या गाण्यात एक फरक आहे आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. ठुमरीतला पिया दूर आहे, सवतीकडे आहे, परदेशी आहे, पण तो अजून ‘पिया’ आहे. लावणीतली बाई त्याला बोल लावते ते तो उद्या दारात येणार हे धरूनच. त्या गाण्यांत दार लोटलेलं असतं, कडी घातलेली नसते. ‘पूर्वीचा’ प्रियकर ही व्यक्तीच तिथं नाही. आजच्या गाण्यात ती आहे. ज्याच्याकडून आता काही मागता येत नाही, ज्याला काही सांगायचाही हक्क उरलेला नाही, त्याच्याशी बोलायचं आहे. हे नवं दुःख आहे आणि त्याला नवी गायकी लागते. ‘जुन्या ठुमरीत सगळं आहे’ असं म्हणणाऱ्या जाणकारांशी माझं इथं जमत नाही.

ती गायकी कुठं सापडते? माझ्यापुरतं उत्तर आहे ‘मेरा कुछ सामान’. ते गाणाऱ्या आशा भोसले 1933 साली सांगलीतच जन्मल्या, हे सांगलीच्या मुलांना सांगताना मला आनंद होतो. ‘इजाजत’ चित्रपट 1987 चा, गीत गुलजार यांचं, संगीत राहुलदेव बर्मन ऊर्फ पंचमदा यांचं. या गाण्यासाठी गुलजार आणि आशाताई दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ओळी लहानमोठ्या, यमक नाही, छंद नाही. कागद पाहून पंचमदा वैतागले, उद्या वर्तमानपत्र आणून त्याला चाल लावायला सांगशील म्हणाले, ही हकीगत गुलजार यांनी अनेकदा सांगितली आहे. आशाताईंनी मधलीच एक ओळ गुणगुणली आणि तिथून चालीचा धागा मिळाला, असंही ते सांगतात.

सिनेमात हे मायाचं मागणं आहे. तिचा प्रियकर आता दुसरीशी लग्न करून संसाराला लागलेला. वस्तू परत आल्या, पण काही तुझ्याकडेच राहिलं आहे, तेही पाठवून दे, असं ती म्हणते आणि यादी देते. भिजलेले दिवस, पानगळीचा आवाज, एका छत्रीतलं अर्धंमुर्धं भिजणं, 116 चांदण्या रात्री. भाड्याचं घर सोडताना सामान मोजून ट्रकमध्ये चढवतात, तशी ती मोजते आहे. मोजणाऱ्या माणसाला रडायला सवड नसते, मोजणी चुकेल. हे एकदा कळलं की गाणं कसं म्हणायचं ते निम्मं ठरतं. प्रत्येक वस्तूला वेगळा हुंदका द्यायचा नाही. यादी सपाट, जवळजवळ बोलल्यासारखी जाऊ द्यायची. श्वास वाक्य संपल्यावर घ्यायचा, ओळ संपल्यावर नाही, कारण इथं ओळी वाक्याच्या मधेच मोडतात. आणि शेवटी ती जी परवानगी मागते, ते सगळं पुरताना स्वतःही तिथंच निजण्याची, ती मागताना आवाज मोठा करायचा नाही. तिथं आवाज चढवला की गाणं विनवणीचं होतं, आणि विनवणी म्हणजे अजून आशा आहे. मायाला ती नाही.

साताऱ्याच्या एका मुलीनं गेल्या पावसाळ्यात हे गाणं घेतलं. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, “ताई, ह्यात रडायचं कुठं?” तिच्या मनात काहीतरी ताजं होतं, हे आवाजावरून कळत होतं. मी ते विचारलं नाही. तिला म्हटलं, गाणं बाजूला ठेव, तुझी यादी कर, मराठीत, आणि मला वाचून दाखव. काय काय परत हवंय तुला? तिनं लिहून आणलं. ‘चार भिंती’च्या टेकडीवरचा वारा. यवतेश्वरच्या घाटात बंद पडलेली गाडी. कासची फुलं न बघताच परत आलेला रविवार. कंदी पेढ्याचा अर्धा तुकडा. वाचताना ती एकदाही थांबली नाही, आवाज कुठं हलला नाही, आणि वर्गातल्या बाकीच्या पोरी मात्र खाली बघायला लागल्या. “असंच गायचं,” मी म्हटलं. सांगलीची मुलं यादी करतात तेव्हा आयर्विन पूल येतो, कृष्णेचं वाढलेलं पाणी येतं, भडंगाचा पुडा येतो. कुणाचंही नाव येत नाही. एखाद्याची यादी ऐकून आपल्याला स्वतःची आठवते, ती कुणाबद्दल होती हे विचारायचं सुचत नाही. मुलांना मग माझा मिरजेचा दाखला आपोआप कळतो.

‘इजाजत’मध्ये आणखी एक गोष्ट आहे, ती मी पुढच्या पायरीसाठी राखून ठेवते. चित्रपटातली चारही गाणी आशाताईंची आहेत. माया त्यांच्याच आवाजात गाते आणि सुधाही. सुधा म्हणजे ती लग्नाची बायको, रेखानं केलेली. ती नवऱ्याला सोडून निघून जाते, पुढं दुसरा संसार करते, आणि वर्षांनंतर स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये जुना नवरा भेटतो तेव्हा त्याच्या पाया पडून निरोप घेते. खऱ्या अर्थानं पुढं गेलेली बाई तीच. तिचं ‘खाली हाथ शाम आई है’ मी मायाच्या गाण्याला जोडून शिकवते. इथं मोजायला काहीच नाही, संध्याकाळ रिकामी येते आणि जाते. एकाच गळ्यानं दोन बायका वेगळ्या ठेवल्या आहेत, आणि तोही फरक केवळ श्वासाच्या लांबीतून, शब्द कुठं सैल सोडला यातून. स्पर्धेला एकच गाणं म्हणायचं असतं, पण दुसरं गळ्यात असल्याशिवाय पहिलं नीट उभं राहत नाही.

सुधा म्हटलं की मला ताराबाई आठवतात. घर सोडणाऱ्या ताराबाईंचं गाणं माझ्या माहितीत कुठल्या तबकडीवर नाही, पण हिराबाईंच्या तबकड्या आहेत. हिराबाई 1905 साली मिरजेतच जन्मल्या. बापाच्या गाण्याचा रंग त्यांच्या गळ्यात होता, तरी त्या गाण्यात तक्रार शोधून सापडत नाही. सुरेल, शांत, आपल्या जागी बसलेलं गाणं. ‘ब्रेकअपनंतरचं गाणं कसं असतं’ असं मुलं विचारतात तेव्हा मी त्यांच्यापुढं ‘पिया बिन’ आणि हिराबाई एकामागून एक ठेवते. दोन्हीकडे त्या एका घराचं काहीतरी आहे आणि दोन्हीकडे त्या घराचं नाव घेण्याची गरज पडत नाही.

आता रील्सचा विषय. मुलांना अर्ध्या मिनिटाचा तुकडा बसवून हवा असतो. ‘मेरा कुछ सामान’चा मुखडा त्यात सुंदर बसतो. पण मुखड्यात फक्त मागणी आहे. यादी नंतर येते, आणि परवानगी अगदी शेवटी. तुकड्यात ऐकणाऱ्याला एक रुसलेली प्रेयसी भेटते, माया भेटतच नाही. म्हणून मी तो तुकडा वेगळा शिकवत नाही. पूर्ण गाणं बसवायचं असेल, दोन-तीन महिने यायची तयारी असेल, तर वही घेऊन ये, आणि पहिल्या दिवशी वहीत स्वरलिपी लिहायची नाही, यादी लिहायची, असं सांगते. काही जण परत येत नाहीत. साताऱ्याची ती मुलगी आली, महोत्सवात गायली, आणि आता तिला ‘खाली हाथ’ शिकायचं आहे.