फीलखान्याजवळचं माहेर

आपल्या मंडळात कुणाशी नवी ओळख झाली की दुसरा नाहीतर तिसरा प्रश्न ठरलेला असतो, "मूळ कुठले तुम्ही?" कुणी सांगलीचं, कुणी नाशिकचं, कुणी दादरचं. मी सांगते, "हैदराबाद, बेगम बाजार." मग समोरचा क्षणभर थांबतो. "पण मराठी छान बोलता हो तुम्ही!" हे कौतुक मी दोनदा तरी ऐकलंय. दुसरीकडे, डॅलसमध्ये तेलुगू मंडळी भरपूर. ऑफिसात, मुलीच्या शाळेत हैदराबादचं नाव काढलं की ती थेट तेलुगूतच सुरू होतात. मला तेलुगू येतं, पण ऑटोवाल्याशी भांडण्यापुरतं. त्यामुळे मी इकडचीही अर्धी आणि तिकडचीही अर्धी.

म्हणून आधी थोडा हिशेब. माझे आजोबा नांदेड जिल्ह्यातल्या बिलोली तालुक्यातले. १९४० च्या सुमारास ते हैदराबादला महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. आजचा नकाशा समोर ठेवला तर वाटेल, महाराष्ट्र सोडून परराज्यात गेले. तसं मुळीच नव्हतं. औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद हे मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नांदेडच्या माणसाची राजधानी हैदराबादच. सरकारी नोकरी, वरचं कोर्ट, कॉलेज, सगळ्यासाठी तिथेच जायचं. नरहर कुरुंदकरसुद्धा कॉलेजसाठी हैदराबादलाच होते. मराठी मुलांसाठी केशवराव कोरटकर, वामन नाईक या मंडळींनी १९०७ साली विवेकवर्धिनी शाळा काढली होती. माझे बाबा तिथेच शिकले.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान भारतात आलं. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषेप्रमाणे त्याची वाटणी झाली. मराठवाडा तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला, कानडी जिल्हे म्हैसूरला आणि तेलंगण आंध्र प्रदेशात. आजोबा होते तिथेच राहिले. ते म्हणायचे, "आम्ही कुठे गेलो? सीमाच आमच्या अंगावरून गेली." पुढे २०१४ मध्ये तेलंगण वेगळं राज्य झालं. म्हणजे पत्ता न बदलता आमचं घर तीन राज्यांत राहिलं.

तो पत्ता बेगम बाजारात, फीलखान्याजवळचा. फीलखाना म्हणजे हत्तीखाना. हत्ती केव्हाच गेले, नाव राहिलं. दुसऱ्या निजामाची बेगम हुमदा बेगम हिने व्यापाऱ्यांना ही जागा दिली, म्हणून बेगम बाजार, असं सांगतात. आज तो शहरातला मोठा घाऊक बाजार आहे. मसाले, सुकामेवा, पितळ-तांबं, स्टील, प्लॅस्टिक, संक्रांतीला पतंग, होळीला पिचकाऱ्या. आमचा तिथे दोन खोल्यांचा भाड्याचा पोर्शन होता. हैदराबादेत भाड्याच्या घराला पोर्शनच म्हणतात. खाली मालक, वर आम्ही, मध्ये अंधारा जिना. बाबा बाजारातल्या तीन दुकानांचे हिशेब लिहायचे. एक भांड्यांचं, एक सुकामेव्याचं, एक कागद-सुतळीचं. बाजारभर त्यांना मुनीमजी म्हणत.

मी वाढले ती भाषांच्या खिचडीत. मालकांच्या घरात मारवाडी, गल्लीत हैदराबादी हिंदी, घरात मराठी. माझा नवरा नाशिकचा. तो म्हणतो, तुझ्या मराठीला उर्दूची चाल आहे. मी त्याला सांगते की उधारी दोन्ही बाजूंनी आहे. हैदराबादी माणूस "नक्को" म्हणतो तो आपला "नको". "मैंच बोला" मधला ठासून सांगणारा "च" दखनी बोलीने मराठीकडूनच घेतला. आपली भाषा त्या शहराच्या जिभेवर काही शतकं बसलेली आहे, बोलणाऱ्यांना ते माहीत असो वा नसो.

२००९ मध्ये मी उस्मानिया विद्यापीठाचं बी.ई. झाले आणि हायटेक सिटीत नोकरीला लागले. तो भाग म्हणजे वेगळंच हैदराबाद. १९९८ ला सायबर टॉवर्स झाले आणि आजूबाजूला काचेचं शहर उभं राहिलं. सकाळी फीलखान्याच्या गल्लीतून हमालांना चुकवत निघायचं आणि दीड तासाने बॅज दाखवून एसीत शिरायचं. २०१२ ला लग्न होऊन पुण्याला गेले, २०१४ ला डॅलसला. दोन वर्षांआड बेगम बाजारात जाणं व्हायचं. जिन्याखाली चपला काढल्या की आई वरून ओळखायची, पायाच्या आवाजावरून.

२०१९ मध्ये बाबा गेले. २०२१ मध्ये आई धाकट्या भावाकडे पुण्याला राहायला गेली आणि आम्ही पोर्शन सोडला. त्या दिवशी मी डॅलसमध्ये होते. भाऊ व्हिडिओ कॉलवर फोन फिरवून रिकाम्या खोल्या दाखवत होता. बाबांच्या खुर्चीमागे भिंतीवर पडलेला डोक्याच्या तेलाचा डाग तेवढा दिसला आणि नेटवर्क गेलं.

माहेर म्हणजे नक्की काय, हा प्रश्न मला तेव्हापासून पडला. आई पुण्यात आहे, वहिनी फार प्रेमाने करते, निघताना ओटी भरते. पण पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये चहा-साखरेचे डबे कुठे आहेत हे मला विचारावं लागतं. आईलाही पहिलं वर्षभर विचारावं लागत होतं. सोसायटीत तिला "हैदराबादच्या काकू" म्हणतात. ती भाजीवाल्याशी हिंदीत बोलते आणि तो तिला मराठीत उत्तर देतो.

या जानेवारीत पुण्याला गेले होते, तेव्हा तीन दिवस काढून नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन हैदराबादला जायचं ठरवलं. आईचे गुडघे प्रवासाचे राहिले नाहीत. तिने पाठकोऱ्या कागदावर यादी करून दिली. दगडफूल, शहाजिरे, खोबऱ्याच्या वाट्या, बदाम, तांब्याचा एक तांब्या, पितळी पळी, सुतळीचा गुंडा. भाऊ हसला, "अगं, हे सगळं रविवार पेठेत मिळतं." आई म्हणाली, "मिळत असेल." आणि प्रत्येक वस्तूपुढे दुकानाची खूण लिहीत राहिली. छत्रीवरून डावीकडे, जिन्याखालचं दुकान. मारुतीच्या समोर, तिसरी फळी.

आम्ही उतरलो गच्चीबावलीच्या हॉटेलात. काउंटरवरच्या मुलीने अगदी गोड विचारलं, "मॅडम, हैदराबादला पहिल्यांदाच?" मी "नाही" म्हणाले आणि पुढे काय सांगावं ते सुचलं नाही. ज्या शहरात आयुष्यात कधी हॉटेलचं भाडं दिलं नव्हतं, तिथे मी आधार कार्डाची झेरॉक्स देत होते.

दुसऱ्या दिवशी मेट्रोने निघालो. रायदुर्गहून अमीरपेट, तिथे गाडी बदलून उस्मानिया मेडिकल कॉलेज. ज्या रस्त्याला माझा दीड तास जायचा त्याच्या डोक्यावरून आम्ही तरंगत गेलो. वाटेत नामपल्ली आलं. तिथे दर वर्षी १ जानेवारीपासून दीड महिना नुमाइश भरते. बाबा आम्हाला दर वर्षी एकदाच न्यायचे आणि हातात वीस रुपये द्यायचे, हे मी लेकीला सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे किती डॉलर?"

गल्लीत शिरलो. घर होतं तिथे आहे, पण आता ते गोदाम आहे. जिन्याच्या जागी शटर, आणि वर आमच्या खिडकीत निळे प्लॅस्टिकचे ड्रम रचलेले. मी रस्त्यात उभी राहून वर बघत होते. गळा भरून यायला लागला तेवढ्यात मागून आरोळी आली, "साइड, साइड, साइड!" मालाने लादलेली बंडी आली होती. मी विचार न करता लेकीला ओढून डाव्या दुकानाच्या पायरीवर चढले. चढल्यावर लक्षात आलं, शाळेत जाताना मी याच पायरीवर चढायचे. बेगम बाजारात रस्त्यात उभं राहून रडायची सोय नाही. कुणाचा ना कुणाचा माल अडतो.

लेक म्हणाली, "तू तिथे झोपायचीस? ड्रममध्ये?" तिला समजावून सांगितलं, गादी कुठे, डोकं कुठल्या बाजूला, पाण्याचा माठ कुठे. मग आम्ही यादी काढली.

सुकामेव्याच्या दुकानाच्या जागी मोबाइल कव्हरचं दुकान होतं. बदाम दुसरीकडे घेतले. मसाल्याचं दुकान होतं. तिथे दगडफूल हुंगताना लेकीला म्हटलं, आजी काळ्या मसाल्यात घालते ते हेच, आणि इथली बिर्याणीवाली मंडळी पोटलीच्या मसाल्यात घालतात तेही हेच. सुतळीचं दुकान होतं, पण गल्ल्यावरच्या माणसाने आम्हाला ओळखलं नाही. बाबांनी त्या दुकानाचे हिशेब बावीस वर्षं लिहिले होते. मी काही बोलले नाही. गुंडा घेतला, पैसे दिले.

शेवटी भांड्यांचं दुकान. गल्ल्यावर माझ्याच वयाचा मुलगा, समोर कॉम्प्युटर. तांब्याची किंमत ऐकली. माझे बूट, माझी पाठपिशवी पाहून लावलेला भाव. मी शुद्ध हिंदीत "थोड़ा कम कीजिए" म्हणून पाहिलं. त्याने मान हलवली. मग तोंडातून आपोआप गेलं, "नक्को भाई, इतना-च बोलते क्या? अम्मा कू क्या बोलूँ मैं?" त्याने मान वर केली. "आप यहींच के हैं?" भाव ऐंशी रुपयांनी उतरला. मग विचारणं झालं, कुठल्या गल्लीच्या, कुणाच्या. मुनीमजींची मुलगी म्हटल्यावर त्याने सरळ वडिलांना फोन लावून माझ्या हातात दिला. म्हातारे शेठजी आता दुकानात येत नाहीत.

ते म्हणाले, एकदा दिवाळीत चोपडीपूजनाच्या आदल्या रात्री हिशेब चाळीस पैशांनी जुळत नव्हता. "मी म्हटलं, मुनीमजी, चाळीस पैसे माझ्या खिशातून घ्या, घरी जा, मुलं वाट पाहत असतील. नाही ऐकलं. रात्री एक वाजता चूक सापडली, तेव्हा उठले." त्या रात्री बाबांची वाट पाहणारी मुलं म्हणजे आम्हीच. बाबांना उशीर का झाला हे मला तीस वर्षांनी कळलं. मी स्वतः रात्री उशिरापर्यंत कोडमधली एखादी चूक शोधत बसते तेव्हा नवरा म्हणतो, उद्या बघ ना. नाही बघवत उद्या. हे कुठून आलं तेही तिथेच, तांब्याच्या ढिगाशेजारी उभं राहून कळलं.

संध्याकाळी मोअज्जम जाही मार्केटात आईस्क्रीम खाताना मी विचार करत होते. १९३५ च्या त्या दगडी इमारतीची आता छान डागडुजी झाली आहे. मी नुसतं घर बघायला आले असते तर गोदाम बघून तासाभरात परत फिरले असते आणि "काही राहिलं नाही तिकडे" असं सगळ्यांना सांगितलं असतं. बघायला गेलं की शहर आपल्याला काय गेलं तेवढंच दाखवतं. काम घेऊन गेलं की दार उघडावं लागतं, बोलावं लागतं, घासाघीस करावी लागते आणि त्यात काय शिल्लक आहे ते सापडतं. सात वस्तूंमागे मला एक माणूस भेटला, तोही फोनवर. पण तो भेटला.

तुमच्यापैकी कित्येकांचे आई-बाबा आता मुलांकडे राहायला आले असतील. दादरची चाळ, सदाशिव पेठेतला वाडा रीडेव्हलपमेंटला गेला असेल. मुलांना घेऊन "आमचं घर इथे होतं" असं दाखवायला जाल, तेव्हा बरोबर एखादी यादी न्या. पापड-कुरडयांची चालेल, जुनं घड्याळ दुरुस्त करायचं असलं तरी चालेल. मुलांनाही नुसत्या इमारतीपेक्षा आपली आई भाव करताना बघायला जास्त आवडतं. माझी लेक तेव्हापासून ब्रोकोलीला "नक्को" म्हणते आहे.

पुण्याला परत आल्यावर मी सगळ्या पुड्या आईसमोर मांडल्या. तिने वस्तूंकडे बघितलंही नाही. जिन्याखाली आता कोण बसतं? मारुतीचं देऊळ रंगवलं का? शेठजी कसे आहेत? चाळीस पैशांची गोष्ट सांगितली तर म्हणाली, "माहितीये. मी जेवायची थांबले होते." घराचं विचारायला तिला थोडा वेळ लागला. मी सांगितलं, गोदाम झालंय, आपल्या खिडकीत ड्रम आहेत. "बरं झालं," ती म्हणाली. "रिकामं नाही ना पडलं."

मग चष्मा लावून तिने दगडफुलाची पुडी उघडली, चिमूटभर तळहातावर चोळून हुंगलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"जुना माल दिलाय तुला. तोंड बघून दिलाय. पुढच्या वेळी मला घेऊन चल. गुडघ्याचं बघू."