झेन्सव्हिलच्या बरण्या

अमेरिकेतील ओहायो संस्थानात कोलंबस या शहरी आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्याकडे चार महिन्यांच्या मुक्कामास गेलो असता शेजारच्या घरातील एका आजीबाईंशी आमचा परिचय झाला. वय ऐंशीच्या पुढे, पती निवर्तलेले, मुलगा दूरच्या प्रांती. चिरंजीव व सूनबाई दोघेही कचेरीत जात असल्यामुळे आमचा नातू शाळेतून येई तो प्रथम या आजीबाईंच्या स्वयंपाकघरात. तेथे ओट्यावर एक हसतमुख डुक्कर उभे असे, गळ्यात निळा रुमाल बांधलेले. त्याचे डोके उचलले की आत दालचिनीच्या वासाची गोड बिस्किटे. आमच्या कुटुंबास वराहाच्या पोटातील खाऊ प्रथम फारच चमत्कारिक वाटला. परंतु दशावतारांत वराहाचीही गणना आहे हे आम्ही स्मरण करून दिल्यावर तिनेही दोन बिस्किटे घेतली.

या पात्रास तिकडे 'कुकी जार' म्हणतात. कुकी हा शब्द डच लोकांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'लहानसा केक'. आपल्याकडे लोणच्याची बरणी जशी घरोघर, तशी ही तिकडे गेल्या शतकाच्या मध्यास घरोघर होती. अंतर इतकेच की आपली बरणी ही बरणीच दिसते. त्यांची मात्र मांजर, विदूषक, सफरचंद, आगगाडीचे इंजिन अशी नाना सोंगे घेते.

आजीबाई घर विकून वृद्धाश्रमात जाणार होत्या. सामान पाहण्यास आलेल्या एका व्यापाऱ्याने त्यांस सांगितले की, कपाटातील इंजिनाच्या आकाराची बरणी फार मोलाची आहे, तिच्या बुडाशी मॅकॉय हे नाव आहे, ती मुलासाठी जपून ठेवा. हे डुक्कर मात्र वीस डॉलरांस मी घेऊन जातो. इंजिन त्यांनी १९९५च्या सुमारास एका बाजारात ऐंशी डॉलर देऊन घेतले होते. डुक्कर त्यांच्या आईचे. आई झेन्सव्हिल येथे शॉनी कारखान्यात बरण्या रंगविण्याचे काम करी. आजीबाईंनी आम्हांस विचारले, आपण शिक्षक आहात, हा भाव योग्य वाटतो काय?

तर्कसंग्रह शिकताना व शिकविताना 'घट' हा शब्द आम्ही सहस्रावधी वेळा उच्चारला असेल. त्याची उत्पत्ती, त्याचा नाश, भूतलावरील त्याचा अभाव, सर्व काही सिद्ध करून दाखविले; पण प्रत्यक्ष घट उपडा करून त्याचे बूड पाहण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. म्हणून सार्वजनिक ग्रंथालयातून फ्रेड व जॉयस रोरिग यांचा कुकी जारांवरील विस्तृत कोश आणविला. आपल्या कौटिल्याने अर्थशास्त्रात रत्नपरीक्षेस एक प्रकरण दिले आहे. या दांपत्याने बिस्किटांच्या बरण्यांस ग्रंथाचे तीन खंड दिले आहेत. तो वाचून आमची जिज्ञासा वाढली आणि एका शनिवारी चिरंजीवांच्या मोटारीतून आजीबाई, दोन बरण्या व आम्ही असे झेन्सव्हिलला निघालो. निघताना आजीबाईंनी झाकणे वेगळी काढून, टॉवेलात गुंडाळून आमच्या मांडीवर दिली. वाटेत झाकण बरणीवर असले की धक्क्याने कडेचे टवके उडतात, ही त्यांच्या आईची शिकवण.

झेन्सव्हिल कोलंबसच्या पूर्वेस सुमारे पंचावन्न मैलांवर आहे. लिकिंग नदी मस्किंगम नदीस येथे मिळते व त्या संगमावर तीन फाट्यांचा पूल आहे; पुलाच्या मध्यावर जाऊन वळावे लागते, ही मौज आम्ही अन्यत्र पाहिली नाही. भोवतालच्या टेकड्यांत उत्तम माती, जवळच कोळसा व नैसर्गिक वायू. त्यामुळे कुंभारकामाचे कारखाने येथे दाटीने उभे राहिले. दक्षिणेस थोड्या मैलांवर रोझव्हिल व त्यापुढे क्रुक्सव्हिल ही गावे. रोझव्हिलला मॅकॉय यांचा कारखाना १९१० साली निघाला व १९९० साली बंद पडला. क्रुक्सव्हिलला हल यांचा कारखाना होता. जून १९५० मध्ये पुराचे पाणी तापलेल्या भट्टीत शिरून स्फोट झाला व आग लागली, तेव्हा एकाच दिवशी जल आणि अग्नी या दोघांनी तो नेला. १९५२ साली तो पुन्हा उभारला, पण आज तोही नाही. आजीबाईंच्या आईचा शॉनी कारखाना १९३७ साली फरश्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्याच्या इमारतीत सुरू झाला व १९६१ साली मिटला. हसऱ्या डुकराचे नाव 'स्मायली'. ते याच कारखान्याचे अपत्य.

झेन्सव्हिलमधील एका वृद्ध दुकानदाराने दोन्ही बरण्या टेबलावर घेतल्या. प्रथम त्याने बोटाने टिचकी मारली. माठ घेताना आपल्या बायका हेच करतात! नाद खणखणीत असला तर अंग सलग. बद्द आला तर कोठे तरी तडा आहे असे समजावे. नंतर त्याने मापपट्टी काढली, आणि येथे आम्हांस खरा बोध झाला. या बरण्या चाकावर घडवीत नाहीत. प्लॅस्टरच्या साच्यात पातळ केलेली माती ओततात, प्लॅस्टर पाणी शोषते, कडेला थर धरतो व उरलेली माती ओतून टाकतात. सुकताना व भाजताना माती आकसते. मूळ कारखानदार हे जाणून साचा मोठा करतो. पण नक्कल करणारा तयार बरणीवरूनच साचा घेतो. त्याची बरणी पुन्हा आकसते, म्हणून ती मूळ बरणीहून अर्धा इंच, कधी इंचभर बुटकी भरते. तपशीलही बोथट होतात. नाव खोटे कोरता येते, पण उंची चोरता येत नाही.

इंजिन कोशातील मापापेक्षा पाऊण इंच कमी भरले. दुकानदाराने सांगितले की, १९९०नंतरच्या दशकात मॅकॉय हे नाव वापरून टेनेसीत नव्या बरण्या निघाल्या; मूळ कारखान्याने कधीही न केलेल्या आकारांवरही ते नाव उमटविलेले आढळते. उलट अस्सल जुन्या बरण्यांपैकी अनेकींवर कारखान्याचे नावच नसते. आजीबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी इंजिनाचे झाकण नीट बसविले व ते टेबलाच्या कडेपासून आत सरकविले.

डुक्कर मात्र मापास बरोबर उतरले. बुडाशी 'पेटंटेड स्मायली, यू. एस. ए.' अशी अक्षरे होती. रुमालाचा रंग झिलईच्या खालचा होता, म्हणून टिकला होता. झिलईवर लावून न भाजलेला रंग धुण्यापुसण्याने निघून जातो. मग दुकानदाराने खोलीत अंधार करून अतिनील किरणांचा दिवा लावला. मागाहून लुकण भरून रंगविलेली जागा त्या प्रकाशात निराळी चमकते. डुकराच्या कानामागे एक लहानसा डाग तसा चमकला. आजीबाई एकदम हसल्या. सहा वर्षांच्या असताना चोरून खाऊ काढताना झाकण त्यांच्या हातून पडले होते, व आईने रात्री तो टवका स्वतः बुजविला होता. सत्तर वर्षांहून अधिक काळ त्यांना वाटत होते की हे कोणास कळणार नाही!

दुकानात फिरताना एका फळीवर डोक्यास रुमाल बांधलेल्या स्थूल निग्रो दासीच्या आकृतीच्या बरण्या दिसल्या. मॅकॉयची अशी बरणी पुष्कळ खपली, आणि नकलाही तिच्याच फार निघाल्या. गुलामगिरीच्या काळातील अवहेलना स्वयंपाकघरात विनोद म्हणून मांडलेली पाहून आम्हांस खेद झाला. मिशिगन संस्थानातील फेरिस स्टेट विद्यापीठात अशा वस्तूंचे एक संग्रहालयच आहे. वर्णद्वेष कसा होता हे विद्यार्थ्यांस दाखवावे हा त्याचा हेतू. अशा वस्तूंस स्थान असेल तर तेच, असे आमचे मत आहे.

किमतीविषयी दुकानदार सरळ बोलला. चित्रकार अँडी वॉरहोल १९८७ साली वारले; १९८८ साली न्यूयॉर्कात त्यांच्या संग्रहाचा लिलाव झाला, तेव्हा सुमारे पावणेदोनशे कुकी जारांस जवळजवळ अडीच लाख डॉलर आले. त्यानंतर घरोघरची माणसे माळे शोधू लागली. पण तो भाव त्या धन्याच्या कीर्तीचा होता, बरणीचा नव्हे. पुढे संगणकावरून खरेदीविक्री सुरू झाली, दुर्मीळ वाटणारी बरणी शंभर ठिकाणी निघाली आणि भाव उतरले. कानामागचा डाग धरूनही त्याने डुकराचे एकशेदहा डॉलर सांगितले व पैसे तत्काळ देण्याची तयारी दाखविली. आजीबाईंनी वृद्धाश्रमातील आपल्या खोलीच्या खिडकीची फळी किती रुंद आहे ते मनात आठवून पाहिले, आणि विचार करून कळविते म्हणाल्या. परतताना झाकण त्यांनी स्वतःच्याच मांडीवर घेतले.

पुढील शनिवारी त्यांच्या अंगणात घरसामानाची विक्री झाली. इंजिनासमोर 'नक्कल, पाच डॉलर' अशी चिठ्ठी त्यांनी स्वहस्ते लावली होती. ते आमच्या नातवाने घेतले. दुपारी तो पहिला व्यापारी आला. ओट्यावरील डुकरास त्याने आता साठ डॉलर देऊ केले, व बुडाची अक्षरे पाहण्यासाठी ते उपडे करू लागला. आजीबाईंनी त्याच्या हातातून ते हळूच काढून घेतले व खाली ठेवून त्याच्यापुढे मापपट्टी धरली.