नऊ दिवसांचं पीक

भिलाईत कुणाला हथखोज विचारलं तर बोट औद्योगिक क्षेत्राकडेच जातं. लोखंड कापणारे, वाकवणारे, जोडणारे कारखाने, फाटकांपुढे उभ्या ट्रकांच्या रांगा, पत्र्यांवर आणि पानांवर बसलेली काळसर धूळ. 1955 साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली, आणि त्या मोठ्या कारखान्याच्या आधारानं जे लहानमोठे कारखाने उभे राहिले, त्यांतल्या पुष्कळांचा पत्ता हथखोज. पण हथखोज मूळचं गाव आहे, आणि दुर्गकडच्या गावाचं वर्ष धानावर मोजलं जातं. पौष पौर्णिमेला पोरं दारोदार धान मागत हिंडतात, तो छेरछेरा झाला की कोठी भरल्याची खूण पटते. वसंत पंचमीला होळीच्या जागी एरंडाची फांदी रोवतात. मग काही आठवडे हवा मऊ होते. पहाटे अंगावर गारवा, आंब्याला मोहोर, शिवारात पळस पेटलेला. आणि दुपारी पत्र्यांवरून परतणारं ऊन, पुढे काय वाढून ठेवलंय त्याची आठवण देणारं. शेतकऱ्याला हा मोकळा काळ. ज्यांची शेती उरली नाही, किंवा कधी नव्हतीच, त्या घरांतही याच दिवसांत काहीतरी पेरलं जातं. त्या पेरण्याबद्दल मला बोलायचं आहे.

छत्तीसगढी घरामागे बारी असते. पूर्व विदर्भातला माणूस तिला सांदवाडी म्हणेल, इतरत्र ती परसबाग किंवा परसू. कुंपणाशी मुनगा म्हणजे आपला शेवगा, सांडपाण्याच्या ओलीवर केळ आणि कोचई म्हणजे अळू, छपरावर चढवलेला कुम्हडा, एका कोपऱ्यात घुरुवा म्हणजे उकिरड्याचा खड्डा. माघात तिथं एक हातभर रुंदीचा गादीवाफा होतो. भाटा (वांगं), मिरची, पताल (टोमॅटो) यांचं बी त्यावर रेघा ओढून टाकायचं, वर चाळलेलं खत आणि चुलीची राख, त्यावर पैरा, म्हणजे धानाचा पेंढा पांघरायचा. मोड वर आले की त्याच दिवशी पेंढा काढावा लागतो. दोन दिवस उशीर झाला तर रोपं उजेडाच्या शोधात लांबुडकी होतात आणि मग कधीच सरळ उभी राहत नाहीत. पाणी कमी पडलं तर वाळतात, जास्त झालं तर बुडाशी कुजून रात्रीतून आडवी पडतात. वांग्याचं रोप चार-पाच आठवड्यांत लावणीला येतं, मिरचीचं थोडं उशिरा. लावणीआधी काही दिवस पाणी तोडून त्यांना कणखर करायचं, आणि लावायचं ते संध्याकाळी, म्हणजे पहिली रात्र सावरायला मिळते. या सगळ्याला इथलं ऊन कडक मुदत घालतं. वैशाखात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. त्याआधी मूळ खोल गेलं नाही तर रोप जातं. वाफा हातभराचाच, पण त्याच्याभोवती घराला स्वतःची सकाळ बसवावी लागते: पाणी कुणी द्यायचं, कोंबड्या कुणी हाकलायच्या, शाळेला निघण्याआधी पेंढा कुणी उचलायचा.

या खटाटोपाचा हिशेब लोक भाजीत मांडतात, आणि तिथंच तो चुकतो असं माझं म्हणणं आहे. बारीतल्या भाजीचं मोल मला अमान्य नाही. छत्तीसगढला छत्तीस भाज्यांचा प्रदेश म्हणतात आणि लाल, चेच, अमारी, बोहार यांची चव ज्यानं घेतली आहे त्याला त्यात अतिशयोक्ती वाटणार नाही. 2018 च्या डिसेंबरात आलेल्या सरकारनं तर नरवा, गरुवा, घुरुवा आणि बारी, म्हणजे ओढा, गुरं, खत आणि परसू, या चार शब्दांवर आपलं ग्रामीण धोरण उभं केलं. 20 जुलै 2020 पासून 2 रुपये किलोनं शेणखरेदीही झाली. पण बाजारात ढिगानं भाजी येते त्या दिवसांत हातभर वाफ्याचा जमाखर्च फायद्यात निघणं अवघड आहे, आणि निघाला तरी तो त्या कष्टांचं कारण सांगत नाही. कारण दुसरं आहे असं मानायला एक भक्कम पुरावा याच ऋतूत, अशाच घरांत मिळतो. तिथं अशी एक पेरणी होते जिच्यातून खायला काहीही मिळायचं नसतं.

चैत्र शुद्ध प्रतिपदेला, म्हणजे मराठी घरं गुढी उभारतात त्याच दिवशी, नवस बोललेल्या छत्तीसगढी घरांत आणि देवीच्या देवळांत जंवारा पेरला जातो. टोपल्यांत किंवा मातीच्या भांड्यांत माती-खत भरून त्यात भिजवलेला गहू दाट पेरायचा, शेजारी जोत, म्हणजे अखंड दिवा. खोली बंद, मंद उजेडाची. रोज पाणी, धूप, आणि संध्याकाळी मांदर-झांजांवर देवीचं जसगीत. गव्हाला पुरेसा उजेड न मिळाल्यानं हरितद्रव्य तयार होत नाही. पाती वितीपेक्षा उंच होतात, पण रंग हळदीसारखा. आपल्याकडे अश्विनातल्या घटाचं धन असंच उगवतं आणि दसऱ्याला टोपीत खोवलं जातं. छोटा नागपूरच्या उरांव-मुंडांत करम सणासाठी मुली हळद मिसळलेल्या वाळूत जव उगवतात. इराणी घरांत नवरोजच्या आधी ताटलीत गहू किंवा मसूर हिरवा करतात आणि तेराव्या दिवशी वाहत्या पाण्यात सोडतात. प्राचीन अथेन्समध्ये बायका खापरांत बडीशेप आणि सॅलडचा पाला पेरून छपरावर नेत आणि काही दिवसांनी कोमेजलेली रोपं पाण्यात टाकत. इतक्या दूरदूरच्या घरांनी न खायचं पीक इतक्या निगुतीनं वाढवलं, त्याला अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारलं की विचार संपतो, आणि मला तो इतक्यात संपवायचा नाही.

आपल्याकडे सुशिक्षितांचं एक आवडतं उत्तर आहे: हे बियाण्याच्या उगवणशक्तीचं शास्त्रीय परीक्षण होतं, पूर्वजांनी त्याला धर्माचा वेश दिला. अश्विनातल्या घटाबाबत हे काही अंशी पटतं. रब्बीची पेरणी तिथून महिन्याभरावर असते. चैत्रातल्या जंवाऱ्याला मात्र हे लागू पडत नाही. गव्हाची पुढची पेरणी थेट कार्तिकात. मधे इथला उन्हाळा आणि दमट पावसाळा जायचा असतो, आणि बियाणं सर्वांत जास्त खराब होतं ते याच महिन्यांत. चैत्रात तपासलेल्या बियाची कार्तिकात हमी कोण देणार? शिवाय कापणीनंतर लगेच कित्येक जातींचा गहू काही काळ सुप्त असतो, नीट उगवतच नाही. आणि मुळात हा मुलूख धानाचा. परीक्षाच घ्यायची तर धानाची घेतली असती. खरं तर तेही होतं, वेगळ्या दिवशी: अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पळसाच्या द्रोणात धानाचं बी ठाकूरदेवाकडे नेतात. जंवाऱ्यावर उपयुक्ततेचं हे पांघरूण आपण घालतो, कारण उपयोगाशिवाय कुणी काही जपत असेल हे मान्य करायला आपण कचरतो.

याहून जड आक्षेप प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात आहे. अथेन्सच्या त्या खापरातल्या बागांकडे बोट दाखवून सॉक्रेटिस विचारतो, की शहाणा शेतकरी आपलं मोलाचं बी आठ दिवसांत डोळ्यांना सुख देणाऱ्या अशा बागेत पेरील का? खेळ म्हणून, सणासाठी पेरील. पण मनापासून पेरायचं असेल तेव्हा योग्य जमीन शोधील आणि आठव्या महिन्यात पीक आलं तरी समाधान मानील. आठ दिवस आणि आठ महिने, खेळ आणि काम, अशी ही सरळ वाटणी आहे. ज्यानं शेती जवळून पाहिली त्याला ती पटते, आणि तरी मला ती अपुरी वाटते. आठ महिन्यांच्या पिकाची चिकाटी येते कुठून, हे सॉक्रेटिसनं विचारलेलं नाही. शेतात एक दिवस चुकला तर बहुधा निभावतं. पाऊस, जमीन, ऋतू सांभाळून घेतात. खापरातल्या रोपाला असा कोणी वाली नसतो. त्याचं सगळं आभाळ आणि सगळी जमीन म्हणजे घरातली माणसं. नऊ दिवस रोज, चुकवता न येणारं, आणि शेवटी पदरात काही न पडणारं काम घरानं मिळून करायचं: लक्ष देण्याची सवय इतक्या निखळ रूपात दुसरीकडे सापडणं कठीण. फाल्गुनात वांग्याच्या वाफ्यावर बसणारा हात आणि चैत्रात जंवाऱ्यावर पाणी शिंपणारा हात एकच असतो. एकीकडे भाजीचं निमित्त आहे, दुसरीकडे देवीचं. दोन्हीकडे पिकतं ते लक्ष.

आणि ही जागा भिलाई आहे, म्हणून या गोष्टीला इथं वेगळं वजन येतं. झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालते. ती वाटेल तेव्हा विझवता येत नाही, तिच्यासाठी माणसं पाळ्यांनी जागतात. तांदुळा जलाशयाचं पाणी इथं धानालाही जातं आणि पोलादालाही. काही गोष्टी उद्यावर टाकता येत नाहीत, हे या गावाला भट्टीनंही शिकवलं आहे. फरक असा, की भट्टीची पाळी वेतनाची आणि हजेरीपटावरची. रोपाची पाळी घरातल्या घरात ठरलेली. रातपाळीहून आलेला बाप झोपायच्या आधी वाफ्यावर पाणी शिंपडतो तेव्हा त्या दोन वेळापत्रकांची गाठ पडते. पाळ्यांमुळे ज्या घरात सगळे एकत्र जेवतही नाहीत, तिथं सगळ्यांचा हात लागणारी वस्तू म्हणून रोपाचं महत्त्व मी धरतो.

‘सगळ्यांचा हात’ या शब्दांना कुणी अडवील, आणि अडवायलाच हवं. बहुतेक घरांत वाफा, कोंबड्या, पाणी हे बाईच्याच वाट्याला येतं. उपासही तिचे, आणि शेवटच्या दिवशी उन्हातून डोक्यावर टोपली नेणारीही तीच. लक्ष देण्याचं काम एकीनंच करायचं आणि त्याचं कौतुक सगळ्या घरानं मिरवायचं, हा अन्याय आहे, आणि रोपाचं गुणगान त्याला झाकण्यासाठी वापरलं जात असेल तर ते चुकतं. पण यातून रोप नको असं निघत नाही. निघतं ते एवढंच, की पाळी खरोखर वाटून घेतली पाहिजे. जंवाऱ्याच्या सेवेत जसगीत गाणारे पुरुष नऊ रात्री बसू शकतात, तर माघातल्या वाफ्यालाही बसू शकतात. दुसरा आक्षेप धुळीचा. तो थोडक्यात सांगता येतो आणि तो खरा आहे. कारखान्यांच्या कडेला वाढलेली पालेभाजी धूळ धरते, पानांत आणि कंदांत जड धातू फळभाज्यांपेक्षा सहसा अधिक साठतात. तिथं लाल भाजीऐवजी वेलावरचा दोडका लावणं शहाणपणाचं, आणि माती तपासून घेणं त्याहून शहाणपणाचं.

तरी या सगळ्याचं सर्वांत मोठं उत्पन्न अजून सांगायचं राहिलं. छत्तीसगढात मैत्री ‘बदतात’. दोन माणसं एखाद्या पवित्र वस्तूच्या साक्षीनं जन्माची मितान होतात. महाप्रसाद, गंगाजल, तुळशीचं पान, श्रावणात पेरलेली भोजली, तसाच जंवारा. जंवारा बदलेली माणसं पुढे एकमेकांचं नाव घेत नाहीत, ‘जंवारा’ अशीच हाक मारतात. त्यांची आई ती आपली आई, त्यांच्या घरचं सुतक-लग्न ते आपलं. जात याच्या आड येतेच असं नाही. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, विदर्भ अशा दहा दिशांनी माणसं भिलाईत पोटासाठी आली, चुलते-मामे मागे सोडून. अशा वस्तीत रक्ताशिवाय नातं लावण्याची रीत गव्हाच्या कोवळ्या पातीत जपलेली असावी, याला मी भाजीच्या कुठल्याही हिशेबापेक्षा मोठी कमाई मानतो. ही रीत आता पूर्वीइतकी पाळली जात नसेल, असं म्हणता येईल. पण नवमीला जंवारा आजही निघतो.

त्या दिवशी दार उघडतं आणि नऊ दिवस अंधारात वाढलेली पाती प्रथमच उन्हात येतात. बायकांच्या डोक्यावरून, मांदराच्या मागोमाग, ती तलावाकडे जातात. तिथं टोपल्या पाण्यात शांतवायच्या. याला इथं ‘ठंडा करणं’ म्हणतात. परतताना मूठभर पाती मागे ठेवलेली असतात, वाटायला, कानावर खोवायला, कुणाशी नातं लावायला. उजेड लागला की पिवळ्या पात्यात काही तासांतच हिरवा रंग उतरू लागतो. बारीत तोवर वांग्याच्या रोपांना तिसरं-चौथं नवं पान आलेलं असतं, आणि संध्याकाळचं पाणी द्यायचं राहिलेलं असतं.