फ्रान्समधील लातूर

लातूर म्हटलें कीं वाचकांच्या डोळ्यांपुढें मराठवाड्यांतील शहर उभें राहील. परंतु याच उच्चाराचें एक स्थळ फ्रान्सच्या नैर्ऋत्येसही आहे. त्यांच्या भाषेंत ‘ला तूर’ म्हणजे बुरूज. ‘शातो लातूर’ हें तेथील एका द्राक्षमळ्याचें व त्यांत होणाऱ्या तांबड्या मद्याचें नांव. प्रस्तुत लेखकानें आजन्म मद्यास स्पर्श केलेला नाहीं, हें आरंभींच सांगितलेलें बरें. तथापि चिरंजीवांकडे गेलों असतां बोर्दो शहरापासून सुमारें ५० किलोमीटरांवरील हा मळा रस्त्यावरून पाहण्याचा योग आला.

प्रथमदर्शनीं निराशाच झाली. ज्या बुरुजाची एवढी ख्याति, तो सतराव्या शतकांतील कबुतरखाना निघाला. मूळचा किल्ला केव्हांच नाहींसा झाला आहे. जमीन पाहावी तर गोटे आणि वाळू! परंतु मळ्याचें रहस्य याच गोट्यांत आहे. त्यांतून पाणी निथळून जातें आणि वेलीला ओलाव्यासाठीं मुळें खोल न्यावीं लागतात. समोर जिरोंद नदीचें विस्तीर्ण पात्र. त्याच्या सान्निध्यानें कडाक्याच्या थंडीची धार बोथट होते. मळ्याचा गाभा अवघा ४७ हेक्टरांच्या सुमाराचा आहे.

सन १८५५ मध्यें पॅरिस येथील प्रदर्शनानिमित्त सम्राट तिसरा नेपोलियन यानें बोर्दोच्या मद्यांची प्रतवारी मागविली. व्यापाऱ्यांनीं पहिल्या प्रतींत जीं चार नांवें घातलीं, त्यांत लातूर होतें. पुढें मुळें पोखरणाऱ्या किडीनें फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हां अमेरिकन वेलींच्या खुंटांवर कलमें बांधून ते पुन्हा उभे करावे लागले. मालकीही बदलली: १९६३ मध्यें ती मुख्यतः इंग्रजांकडे गेली व १९९३ मध्यें पुन्हा एका फ्रेंच उद्योगपतीकडे आली. जमीन मात्र तीच राहिली.

हें मद्य नवें असतांना फार तुरट असतें. ओक लाकडाच्या पिंपांत सुमारें दीड वर्ष व नंतर बाटलींत, काळोख्या थंड तळघरांत, तें पडून राहतें. तुरट द्रव्यें हळूहळू गाळ होऊन तळाशीं बसतात, गडद जांभळा रंग विटकरी होतो. उत्तम वर्षाचें मद्य परिपक्व होण्यास वीस-तीस वर्षेंही लागतात. नवें मद्य जड व जुनें हलकें, असें चरकसंहितेंतही सांगितलें आहे! बोर्दोंतील बहुतेक मोठे मळेवाले माल पिंपांत असतांनाच विकून पैसे मोकळे करतात. लातूरकरांनीं २०१२ मध्यें ती प्रथा सोडली. आतां मद्य पिण्याजोगें झाल्यावांचून तें आपल्या तळघराबाहेर काढीत नाहींत.

कोवळ्या वेलींचीं द्राक्षेंही मुख्य मद्यांत घालीत नाहींत. म्हणजे आज वेल लावणाऱ्या म्हाताऱ्या माळ्याला तिच्या उत्तम मद्याचा घोट बहुधा मिळावयाचा नाहीं. तरी तो वेल लावतोच.

हें ऐकून मी ओशाळलों. प्रवासास निघण्यापूर्वीं परसांत फणस लावण्याची गोष्ट निघाली होती. “पासष्टी उलटल्यावर लावून खायचा कधीं?” असें म्हणून मीं ती उडवून लावली होती. परतल्यावर पहिल्याच पावसांत नातवाला हाताशीं घेऊन रोप लावलें.

“आजोबा, याला फणस कधीं येणार?” त्यानें विचारलें.

“तूं मोठा झालास म्हणजे,” मीं म्हटलें; आणि हें उत्तर देतांना मला यत्किंचितही खंत वाटली नाहीं.