पॅसेजचे माप

चाळीचे साहित्य शिकवताना आम्ही समूहजीवनाविषयी भरभरून बोलतो. वरळीच्या बीडीडी चाळींचे बांधकाम पाहताना मात्र हा शब्द तपासून घ्यावासा वाटतो.

१९२०च्या दशकातल्या या चाळी. चार मजले, प्रत्येकावर वीस खोल्या, मधोमध लांब पॅसेज, सामायिक शौचालये. खोली १६० चौरस फुटांची. त्याच जागी चाळीस मजली इमारती उभ्या राहत आहेत. १४ ऑगस्ट २०२५ रोजी पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. पुनर्विकासात विक्रीची घरे आणि दुकानेही आहेत.

पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला पॅसेज हे समूहजीवनाचे प्रतीक नव्हते. तिला घरातच शौचालय हवे होते. ते मिळत असताना हळहळण्याचा अधिकार आम्हांला नाही. प्रश्न निराळा आहे. पॅसेजमध्ये चालणारा मुलांचा अभ्यास, आजारपणातली सोबत, भांडण आणि समेट यांना चाळिसाव्या मजल्यावर जागा कुठली? चौरस फुटांच्या हिशेबात तिचे माप येत नाही. चाळीची पुढची कथा ही जागा शोधत निघेल. ती लिहिणारे आमच्याच वर्गात बसलेले असावेत, एवढीच इच्छा.